माळ्यावरची यादी

आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. डोंबिवली पूर्वेतली, चार मजली, बिनलिफ्टची. घराघरांतले माळे रिकामे होत आहेत आणि जिन्यातून जुन्या संगणकांचे खोके खाली येत आहेत. मी प्रोग्रॅमर. यांतल्या बऱ्याच वस्तूंच्या मर्जीप्रमाणे मला कोड लिहावा लागला आहे: मेमरी किती, डिस्क किती हळू, लाइन कधी तुटेल, वीज कधी जाईल. भंगारवाला त्यांचं वजन करील. मला त्यांची नोंद ठेवायची आहे. काही माळ्यावर अजून आहेत, काही कचेऱ्यांतून कधीच गेल्या, काही कुठे कुठे अजून चालू आहेत. क्रम लावलेला नाही.

दाराबाहेर काढलेल्या चपला. संगणकाच्या खोलीत पादत्राणं चालत नसत. क्लासमध्ये नाही, बँकेच्या संगणक कक्षात नाही, ज्यांच्या घरी पहिला पीसी आला त्यांच्याकडेही नाही. कारण धुळीचं होतं आणि खरं होतं: फ्लॉपी ड्राइव्हचं हेड चकतीला टेकून चालतं, मध्ये कण आला की ओरखडा उठतो. फ्लॉपी गेली तरी चपला बरीच वर्षं बाहेरच राहिल्या. २००१ नंतर एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीची केंद्रं ठाण्यापासून बदलापूरपर्यंत गल्लोगल्ली निघाली, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या केंद्राच्या चपला तळमजल्याच्या पायरीपर्यंत यायच्या.

कापडी कव्हरं. मॉनिटरला एक, कीबोर्डला एक, सीपीयूला एक. घरच्या शिलाई मशीनवर शिवलेली, काहींना झालर. दसऱ्याला ती काढून हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. पूजा अजून होते. आता लॅपटॉप मिटून त्यावर फूल ठेवतात.

यूपीएसची शिट्टी. मुंबईची हद्द संपली की वीज राज्य विद्युत मंडळाची, २००५ पासून महावितरणची. त्या वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवलीत भारनियमन होतं आणि बेस्टच्या विजेवर वाढलेल्या सहकाऱ्याला ते समजावून सांगावं लागे. वेळापत्रक वर्तमानपत्रात यायचं. वीज गेली की इमारतीतल्या घराघरांतून एकदम शिट्ट्या सुरू. कुणाकुणाकडे संगणक आलाय ते त्यावरून कळे. आत बारा व्होल्टची शिशाची बॅटरी. नवी असताना दहा-पंधरा मिनिटं टिकायची, दोन उन्हाळे काढले की दोन मिनिटं.

या शिट्टीने आमची कामाची रीत ठरवली. दोन ओळी लिहिल्या की कंट्रोल-एस. मोठं काम लावण्याआधी भारनियमनाचा तक्ता बघायचा. पतपेढीच्या सगळ्या खात्यांवर महिनाअखेरचं व्याज चढवायचं असेल तर ते एका दमात करायचं नाही. शंभर-शंभर खात्यांचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्पा संपला की 'इथपर्यंत झालं' अशी खूण फाइलमध्ये लिहायची, आणि वीज आल्यावर त्या खुणेपासून पुढे. नाहीतर काही खात्यांना व्याज दोनदा मिळेल आणि काहींना मिळणारच नाही. पुस्तकात याला चेकपॉइंट म्हणतात. आमच्या भागात तो प्रश्न भारनियमनाने पहिल्याच आठवड्यात विचारला होता. आज माझी फाइल अक्षरागणिक दूर कुठेतरी आपोआप जतन होते आणि डावा हात तरीही कंट्रोल-एस दाबतो. बरोबरच्या तरुण मुलांचा हात तसा जात नाही. 'अर्ध्यात बंद पडलं तर?' हे त्यांना मुद्दाम विचारावं लागतं. विचारलं की ती उत्तम उत्तर काढतात, पण विचारावं लागतं.

हार्डडिस्कचा आवाज. फॉक्सप्रोमध्ये इंडेक्स पुन्हा बांधायला घातला की काम कुठवर आलं ते ऐकू यायचं. आधी सलग घरघर, म्हणजे फाइल वाचली जाते आहे. मग तुटक टकटक, म्हणजे लिहिणं चालू. प्रोग्रॅममधली खोट कानाने सापडायची: एका खात्याची चौकशी केल्यावर डिस्क एकदा हलून थांबायला हवी, ती खरखरतच राहिली तर इंडेक्स लागलेला नाही, सगळी फाइल पहिल्यापासून चाळली जाते आहे. एसएसडीला आवाज नाही. तीच खोट आता आलेखांत शोधतो आणि सापडतेही. फक्त संशय यायला उशीर होतो.

पार्क. सीगेटची एसटी-२२५, सव्वापाच इंची, वीस एमबी. संगणक जागेवरून हलवण्याआधी पार्क ही आज्ञा द्यायची. मग हेड आतल्या रिकाम्या पट्टीवर जाऊन थांबे. न देता हलवलं तर हेड माहितीवर आपटायचं. पुढच्या डिस्का हे स्वतःच करू लागल्या आणि ती आज्ञा कुणाच्याही नकळत गेली.

लॅमिंग्टन रोडचा खोका. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मदरबोर्ड एका गाळ्यातून, रॅम दुसऱ्या, कॅबिनेट तिसऱ्या, आणि सगळी बिलं हातात धरून 'चालेल ना एकमेकांत?' हा प्रश्न चौथ्याला. ग्रँट रोड स्टेशन पश्चिम रेल्वेचं, आपण मध्यवाले. मॉनिटर घेऊन दादरचा पूल चढण्यापेक्षा लोक टॅक्सीने व्हीटीला जात, कारण तिथे गाडी सुटायच्या आधी चढता येतं. मॉनिटर लगेजच्या डब्यात पायाशी, सीपीयू शेजारी. हार्डडिस्क मात्र मांडीवर, रुमालात गुंडाळून, थेट डोंबिवलीपर्यंत. बंद डिस्क गाडीची थरथर सहज सोसते हे माहीत असूनही मांडीवरच.

काचेचा मॉनिटर. चौदा इंची, मागे हातभर पोट. शेजारी स्पीकर ठेवला की एका कोपऱ्यात जांभळा डाग धरायचा, कारण पडद्यामागच्या धातूच्या जाळीत चुंबकत्व शिरलेलं असे. डीगॉसचं बटण दाबायचं: धप्प आवाज, चित्र चारी बाजूंनी थरथरतं, डाग जातो. बँकांच्या काउंटरवरच्या हिरव्या पडद्यांवर वर्षानुवर्षं तोच मेनू दाखवून दाखवून भाजला गेला होता. पडदा बंद असतानाही अक्षरं वाचता येत. आणि मोबाइल वाजायच्या क्षणभर आधी पडदा शहारायचा, स्पीकरमधून टिडिक-टिडिक. जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्यांनी बोलतो, ते तुकडे तारांत उतरत. फोन येतोय हे फोनच्या आधी टेबलाला कळायचं.

ऐंशी स्तंभ. आयबीएमने १९२८ साली ऐंशी स्तंभांचं छिद्रपत्र काढलं. छिद्रपत्रं गेली, त्यांच्या मापाने केलेले ऐंशी अक्षरी पडदे आले, तेही गेले. कोडची ओळ ऐंशी अक्षरांच्या आत ठेवावी हा दंडक पाळणाऱ्या संस्था अजून आहेत. वागळे इस्टेटच्या आयटी पार्कमध्ये एखादा नवा मुलगा रुंद पडद्यावर ओळ मोडतो, तेव्हा तो छिद्रपत्राच्या कडेलाच मोडत असतो.

मोडेम. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ठाणं एमटीएनएलच्या मुंबई क्षेत्रात, कोड ०२२. डोंबिवली-कल्याण दूरसंचार खात्याकडे, पुढे बीएसएनएलकडे, कोड ०२५१. एकाच लोकलने एकाच कचेरीत जाणारे दोघे इंटरनेटच्या बाबतीत दोन गावचे होते. स्वस्तातलं खातं म्हणजे शेल अकाउंट: चित्र नाही, नुसती अक्षरं, पाइनमध्ये पत्रं वाचायची आणि लिंक्समध्ये पानं.

जोडणीचा आवाज आम्ही पाठ केला होता. आधी क्रमांक फिरल्याचे सूर. जुन्या एक्स्चेंजवर सुरांऐवजी टकटक, तिथे एटीडीटीच्या जागी एटीडीपी लिहायचं. पलीकडून एक लांब, उंच, सरळ सूर यायचा, २१०० हर्ट्झचा. तो मधल्या एक्स्चेंजना सांगायचा की आता माणसं बोलणार नाहीत, प्रतिध्वनी मारणारी यंत्रणा बाजूला करा. मग दोन्ही मोडेम एकमेकांना काय काय येतं ते विचारत, ती गुरगुर. मग लाइन कशी आहे ते चाचपून बघत. शेवटी फक्त फसफस, आणि शांतता. शांतता म्हणजे जमलं. पडद्यावर वेग उमटायचा: ३३६००. जुलैत तोच २४०००, कधी २१६००, कारण फडके रोडच्या खाली कुठेतरी केबलच्या सांध्यात पाणी शिरलेलं असायचं. लाइनमनला 'नेट हळू चालतं' असं सांगून उपयोग नसे. 'फोनवर खरखर येते' म्हटलं की तो यायचा, आणि खरखर गेली की वेगही परत यायचा.

आजचा राउटर सहा भिंतींपलीकडे काहीतरी पाठवतो आणि बिघडला की एक लाल ठिपका दाखवतो. त्या ठिपक्याचा अर्थ एवढाच, की तक्रार करा.

रात्री दोनचा गजर. बीएसएनएलचं डेटावन २००५च्या जानेवारीत आलं. होम ५०० नावाच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवा, मोजणी नाही. लिनक्सची सीडी ७०० एमबीची. २५६ केबीपीएसने ती उतरायला सहा तासांहून थोडं जास्तच लागतं, म्हणजे एका रात्रीत ती जेमतेम पुरी होईना. डब्ल्यूगेटला -सी हा पर्याय लावून दुसऱ्या रात्री राहिलेल्या जागेपासून पुढे. दोनला उठून मोडेमचा एडीएसएल दिवा स्थिर आहे ना ते बघायचं आणि पुन्हा झोपायचं. लुकलुकत असेल तर लाइन गेली. पुन्हा सांधा, पुन्हा पाणी.

मासिकाबरोबरची सीडी. पीसी क्वेस्टने मार्च १९९६च्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. त्यामागे अतुल चिटणीस होते, बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात वाढलेले. २०१३ साली गेले. माझ्या वयाच्या किती प्रोग्रॅमरांनी आयुष्यातलं पहिलं लिनक्स त्या सीडीवरून चढवलं याची नोंद कुठेच नाही, पण आमच्या पिढीतल्या कुठल्याही सिस्टिमवाल्याला विचारा. ज्या गावात डाउनलोड म्हणजे चैन होती तिथे स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडून ऑपरेटिंग सिस्टिम विकत घेता येत होती. पुढे उबुंटूच्या सीडी तर फुकट यायच्या, टपालाने, परदेशी तिकिटाच्या पाकिटात. ती योजना २०११ साली बंद झाली. पोस्टमन पाकीट देताना सही घ्यायचा. आज यांतल्या बऱ्याच सीडी ठाण्या-डोंबिवलीच्या गॅलऱ्यांत दोरीला टांगलेल्या आहेत, कबुतरांसाठी.

रॅम आणि खोडरबर. मशीन चालू होत नाही, बीप वाजतात. एक लांब, दोन आखूड: डिस्प्ले कार्ड. थांबून थांबून लांब लांब: रॅम. कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी टोकं शाळेतल्या खोडरबराने पुसायची, फुंकर न मारता ब्रशने भुगा काढायचा, पट्टी पुन्हा खटकन बसवायची. दहातल्या बऱ्याच वेळा चालू. खाडीच्या दमट हवेत टोकांवर थर बसतो. डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना हा खटाटोप जास्त करावा लागतो असं आमच्या भागातले दुरुस्तीवाले सांगत, आणि त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे: हवेतले गंधकाचे वायू तांबं आणि चांदी काळी करतात. २००६ साली युरोपच्या नियमांमुळे जोडकामातलं शिसं गेलं, बऱ्याच बोर्डांवर चांदीचा मुलामा आला, आणि दूषित हवेच्या शहरांत बोर्ड लवकर खराब होऊ लागल्याचं जगभरच्या उत्पादकांच्या ध्यानात आलं. मशीन आपल्याच खिडकीतून येणारी हवा खात होतं.

फुगलेला कपॅसिटर. नव्वदच्या दशकाअखेरीपासून पुढची सात-आठ वर्षं विकल्या गेलेल्या कित्येक मदरबोर्डांत सदोष द्रावाचे कपॅसिटर होते. माथा फुगायचा, तपकिरी रस बाहेर यायचा. डोळ्यांना दिसणारा रोग. काही रुपयांचा नवा कपॅसिटर आणि सोल्डरिंगचा हात एवढ्यावर बोर्ड पुन्हा उभा राहायचा. कल्याण-उल्हासनगरात असे हात होते, अजून आहेत. आता ते मोबाइल उघडतात.

जंपर. हार्डडिस्कच्या पाठीवरची ती प्लास्टिकची टोपी कुठल्या दोन टाचण्यांवर बसवायची यावर ती डिस्क पहिली की दुसरी ते ठरे. टर्बोचं बटणही त्याच पिढीतलं: ४.७७ मेगाहर्ट्झच्या मशीनसाठी लिहिलेले खेळ वेगवान मशीनवर धावतच सुटत, म्हणून मशीन मुद्दाम हळू करायचं बटण. शेजारच्या आकड्यांच्या दिव्यावर ६६ किंवा ३३ दिसे. तो आकडा मोजलेला नसे, जोडणाऱ्याने जंपर लावून बसवलेला असे.

मला २५६ केबीपीएस परत नको आहे, वीस एमबीची डिस्कही नको. जे गेलं आणि मला हवं होतं ते वेगळं. या यादीतल्या बहुतेक वस्तू आपलं दुखणं सांगत होत्या: आवाजाने, दिव्याने, वासाने, उष्णतेने. बिघाडाला जागा असायची आणि त्या जागेपर्यंत हात पोचायचा. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिताना खाली नेमकं काय आहे याचं चित्र डोक्यात राहायचं, आणि ते चित्र कोडमध्ये उतरायचं. आज माझा प्रोग्रॅम ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये चालतो की सिंगापूरला, हे मला एका शब्दाने बदलता येतं. हे सामर्थ्य मोठं आहे, मी रोज वापरतो. पण माझ्या लॅपटॉपची रॅम बोर्डाला चिकटवून आलेली आहे. ती काढून पुसण्याचा प्रश्नच उरलेला नाही. ज्याला उघडता येत नाही त्याच्याविषयी माणूस हळूहळू प्रश्न विचारायचा थांबतो. मी हे माझ्या क्षेत्रात रोज बघतो आहे आणि मला त्याची काळजी वाटते.

टर्मिनेटर. पातळ कोॲक्सचं नेटवर्क, एकच केबल सगळ्या टेबलांमागून फिरलेली, दोन्ही टोकांना पन्नास ओहमची टोपी. कुणी झाडू मारताना एक टोपी निघाली की अख्खी कचेरी बंद. बिघाड शोधायचा तर केबल मध्ये तोडून निम्मी निम्मी तपासायची. अर्धं-अर्धं करत शोधणं मी शिकवतो तेव्हा अजून हेच उदाहरण देतो.

लेजर पोस्टिंग मशीन. डोंबिवली हे बँकवाल्यांचं गाव. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७०ची, ठाणे जनता सहकारी १९७२ची. शिवाय सकाळच्या गाड्या भरून फोर्टात जाणारे राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्मचारी. रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत एएलपीएम आली, म्हणजे खतावणी ठेवणारी यंत्रं. संघटनांचा विरोध होता, वाटाघाटी झाल्या, कुठलं यंत्र कुठे बसेल यावर करार झाले. ज्यांनी सकाळी विरोधाच्या फिती लावल्या त्यांच्यातल्याच काहींनी संध्याकाळी मुलांना संगणकाच्या क्लासला घातलं, आणि त्या मुलांतले बरेच सीप्झला लागले. दोन्ही गोष्टींत त्यांचं बरोबर होतं. नोकरीची भीती खरी होती आणि मुलांची वाटही खरी होती. ती यंत्रं आता एकाही शाखेत नाहीत, आणि एखादं कुणी जपून ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

जोडकागद. दोन्ही कडांना भोकं, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या, १३२ अक्षरं रुंद. वडील किंवा आई ईडीपी खात्यात असलेल्या घरातल्या मुलांनी गणितं याच्या पाठीवर सोडवली. कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडताना होणारा आवाज त्या मुलांना अजून ओळखता येईल. डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र मात्र जायला तयार नाही. सुया कागदावर आपटतात म्हणून खालच्या कार्बन प्रतीही उठतात, आणि जिथे तीन प्रती लागतात तिथे ते आहे: घाऊक औषधवाल्यांकडे, वाहतूकदारांकडे.

टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड. जुन्यांत चेरी कंपनीच्या निळ्या कळा. प्रत्येक अक्षराला टक. मेडिकलच्या काउंटरवर अजून वाजताना दिसतो. मी माझा खोक्यात घालून नव्या घरी नेणार आहे.

लॉक. मराठीत लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांसाठी ही यादीतली सर्वांत मोठी नोंद. श्री-लिपीसारखं मराठी सॉफ्टवेअर घेतलं की बरोबर काडेपेटीएवढा एक ठोकळा यायचा. तो संगणकाच्या मागे पॅरलल पोर्टला लावायचा, त्याच्या मागे प्रिंटरची केबल. सॉफ्टवेअर सुरू होताना ३७८ या पत्त्यावर ठोकळ्याला प्रश्न विचारी. उत्तर आलं नाही तर मराठी नाही. ठोकळा हरवला तर पुन्हा पूर्ण किंमत. ठाण्यात नौपाड्यात, डोंबिवलीत टिळकनगर-रामनगरकडे घरोघरी डीटीपीचं काम चालायचं, पुष्कळदा बायका चालवत. श्रावण लागला की दिवाळी अंकांची धांदल. लॉक एक आणि मशीन दोन असतील तर लॉक दुपारपर्यंत इकडे, मग तिकडे. रात्री कपाटात, दागिन्यांच्या खणात. त्याआधी जिस्ट कार्ड होतं: आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम, १९८८ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. ते कार्ड आत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. इंग्रजीला जे मशीनबरोबर फुकट मिळत होतं त्यासाठी आपल्याला एक जादा हार्डवेअर लागत होतं, आणि हे वीसेक वर्षं चाललं.

लॉक गेले तरी त्यांच्यामागे राहिलेल्या फाइली आहेत. त्यांत मराठी अक्षरं नाहीत; अक्षरांच्या तुकड्यांची चित्रं आहेत, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली. मूळ फॉन्ट नसेल तर उघडल्यावर कचरा दिसतो. माझ्याकडे अशा सीडी येतात, कुणाच्या वडिलांच्या कथा, कुणाच्या आईचं अर्धं राहिलेलं भाषांतर. युनिकोडमध्ये आणण्याचा प्रोग्रॅम दिसायला सोपा: तक्ता करा, हे चित्र म्हणजे हे अक्षर. पण जुन्या फाइलीत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी लिहिलेला असतो, जसा दिसतो तसा. युनिकोडमध्ये तो नंतर यायला हवा, आणि पुढे जोडाक्षर असेल तर ते संपेपर्यंत थांबून. रफाराचं उलट: 'कार्य' लिहिताना जुन्या फाइलीत रफार सगळ्यांत शेवटी, युनिकोडमध्ये तो 'य'च्या आधी. 'मार्गांनी'त तो काना आणि अनुस्वार ओलांडून मागे न्यावा लागतो. 'ॲ'ला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली; त्याआधीच्या रूपांतरांत तो तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एकेका फॉन्टचा तक्ता वेगळा. छापील अंक ग्रंथालयांत आहेत. न छापलेलं जे काही लिहिलं गेलं ते या सीडींवर आहे, आणि सीडीचा थर दमट हवेत उडतो. हे काम आत्ता करायला हवं. ज्यांच्या घरात अशा सीडी असतील त्यांनी माळा रिकामा करताना त्या वेगळ्या काढाव्यात.

फ्लॉपी. ऐंशी पट्ट्या, पट्टीवर अठरा खंड, खंडात ५१२ बाइट, दोन बाजू: १४,७४,५६०. याला १.४४ एमबी म्हणत, जे हजारच्या हिशेबानेही नाही आणि १०२४च्याही नाही. मोठा प्रोग्रॅम एआरजेने तुकडे करून सात-आठ फ्लॉप्यांवर न्यायचा. ठाण्याहून अंधेरीला पोचल्यावर सहावी वाचली जात नसे. म्हणून प्रत्येकीच्या दोन प्रती. सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाकली की लिहिणं बंद. साडेतीन इंचीचं भोक उघडं ठेवलं की लिहिणं बंद. विषाणूच्या भीतीने हे सगळ्यांना पाठ होतं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरू झालेल्या कैलाश आणि संजय काटकरांच्या दुकानातून क्विक हील उभं राहिलं ते याच फ्लॉप्यांच्या पाठीवर.

माउसमधला गोळा. पेजर. डिजिटल डायरी. कीबोर्डला कुलूप लावायची कॅबिनेटवरची किल्ली. गेल्या.

२६ जुलै. २००५ साली उल्हास नदी कल्याण-बदलापुरात शिरली तेव्हा तळमजल्यांवरचे संगणकही पाण्यात गेले. बोर्ड स्वच्छ पाण्याने धुऊन, नीट वाळवून कित्येक वाचले. हार्डडिस्का वाचल्या नाहीत, कारण डिस्क लोकांना वाटते तशी हवाबंद नसते. दाब सारखा राखायला तिला एक बारीक श्वासाचं छिद्र असतं. त्या आठवड्यानंतर या पट्ट्यात संगणक टेबलाखालून टेबलावर आले.

घरी येणारा हार्डवेअरवाला. पाठीवर सॅक, त्यात स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश, सीडींचा पाउच. चहा घ्यायचा, फॉरमॅट मारायचा, विंडोज टाकायचा, फोटो आधी डी ड्राइव्हवर हलवायचा, आणि जाताना मुलांना आत काय काय असतं ते दाखवायचा. मला भेटलेल्या चांगल्या प्रोग्रॅमरांपैकी कितीतरी जणांनी संगणकाचं पोट पहिल्यांदा त्याच्यामुळे पाहिलं.

सिरियल पोर्ट. नऊ टाचण्यांचा. लॅपटॉपवरून तो वीसेक वर्षांपूर्वीच गेला, पण वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, अंबरनाथ इथल्या कारखान्यांत नव्वदच्या दशकातली सीएनसी यंत्रं अजून धातू कापत आहेत आणि त्यांना आरएस-२३२शिवाय दुसरी भाषा येत नाही. काहींना फ्लॉपीच हवी. त्यांच्या खाचेत आता एक नकली ड्राइव्ह बसवतात, जो पेनड्राइव्ह घेतो आणि यंत्राला सांगतो की ही १.४४ एमबीची फ्लॉपी आहे. मला अधूनमधून बोलावणं येतं. यूएसबीचा कन्व्हर्टर, वेग ९६००, सात बिट, सम पॅरिटी, दोन स्टॉप बिट. यंत्रागणिक हे बदलतं आणि मॅन्युअल हरवलेलं असतं, म्हणून ऑपरेटरच्या वहीत बघायचं. ठरवलेला वेग जुळला की प्रोग्रॅम ओळीओळीने यंत्रात उतरताना दिसतो. ही केबल मी भंगारात देत नाहीये. ती नव्या भाड्याच्या घरात, दाराजवळच्या खणात राहील, म्हणजे फोन आला की लगेच घेऊन निघता येईल.